मे महिन्यातली पांढरी झाडं

आमच्याकडे लातूरला मे महिन्यात भर दुपारी कॅमेरा घेऊन बाहेर पडणाऱ्याला लोक सरळ येडा म्हणतात, आणि फोटोग्राफीवाले पण तेच म्हणतात, फक्त जरा सभ्य भाषेत. लाईट हार्श आहे, आभाळ मळकट आहे, सावल्या काळ्याकुट्ट पडायल्यात, सकाळी साडेसहाला या नाहीतर संध्याकाळी या. सगळं बरोबर आहे हो, पण इन्फ्रारेड फोटोग्राफीचं, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात फोटो काढायचं गणित याच्या बरोबर उलटं चालतं, आणि माझं तर स्पष्ट मत आहे की मराठवाड्यात ज्याला हा नाद लावून घ्यायचाय त्याने पावसाळ्याची वाट बघत बसूच नये, एप्रिल-मे हाच आपला सीझन. नेटवर इन्फ्रारेड म्हणून जे फोटो फिरतात ते बहुतेक घनदाट झाडीचे, सगळीकडे बर्फ पडल्यासारखे, दिसायला भारी, पण दहा बघितले की अकरावा तसाच. आपल्याकडे उन्हाळ्यात काळं रान नांगरून उघडं पडलेलं असतं, नजर जाईल तिथपर्यंत हिरवं पान नाही, आणि मधेच कुठंतरी बांधावर एक कडुलिंब उभा. साध्या फोटोत तो कडुलिंब धुळीत मिसळून जातो, इन्फ्रारेडमध्ये अख्ख्या फ्रेममध्ये तेवढाच पांढराफटक उठून येतो. ज्या जमिनीत सगळंच हिरवं आहे तिथं ही गंमत नाही.

आता हे होतं कसं ते थोडक्यात सांगतो, कारण निम्म्या लोकांना वाटतं की हा उष्णतेचा फोटो आहे, म्हणजे सिनेमात माणसं लाल-पिवळी दिसतात तसला. तो वेगळा प्रकार, थर्मल, त्याची तरंगलांबी ८ ते १४ मायक्रोमीटर, त्याला लेन्ससुद्धा जर्मेनियमची लागते कारण साध्या काचेतून ते किरण जातच नाहीत. आपण बोलतोय ते निअर इन्फ्रारेड, म्हणजे लाल रंग जिथं संपतो त्याच्या लगेच पुढचं. आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर दिसतं, कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या सेन्सरला मात्र जवळपास ११०० पर्यंत दिसतं. झाडाच्या पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश खाऊन टाकतं पण ७०० च्या पुढचं त्याला काही घेणंदेणं नसतं, ते पानाच्या आत जातं, आतल्या पेशी आणि पेशींमधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यात आपटून आपटून जवळजवळ निम्मं परत बाहेर येतं आणि उरलेल्यातलं बरंचसं पलीकडून निघून जातं. म्हणून पान पांढरं. याला वूड इफेक्ट म्हणतात, अमेरिकेतला रॉबर्ट वूड म्हणून भौतिकशास्त्रज्ञ होता त्याने १९१० ला असे फोटो छापून दाखवले होते. लालच्या पलीकडे काहीतरी आहे हे त्याच्याही आधी विल्यम हर्शेलने १८०० साली प्रिझम आणि थर्मामीटर घेऊन शोधून ठेवलं होतं.

ते "पलीकडून निघून जातं" म्हटलं ना, ते प्रत्यक्ष बघायचं असेल तर कडुलिंबाच्या बुडाशी जाऊन कॅमेरा वर करून फोटो काढा. साध्या फोटोत आतल्या फांद्यांवरची पानं अंधारात जातात, इन्फ्रारेडमध्ये ती पण उजळलेली असतात कारण वरच्या पानातून गाळून आलेला प्रकाश खालच्या पानावर पडतो, त्याच्यातून अजून खाली, असं करत अख्खं झाड आतून उजेडात असतं. आणि त्याच झाडाशेजारी गोठ्याची भिंत असेल तर तिची सावली मात्र डांबरासारखी काळी, कारण सावलीत जो थोडाफार उजेड असतो तो निळ्या आभाळाचा असतो आणि निळ्या आभाळात इन्फ्रारेड फारसं नसतंच. एकाच फ्रेममध्ये दोन जातीच्या सावल्या. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, आकाश काळं होणं वगैरे तर सगळेच सांगतात.

कॅमेऱ्याला इन्फ्रारेड दिसत असेल तर मग आपल्या रोजच्या फोटोत का येत नाही, तर कंपनी सेन्सरसमोर मुद्दाम एक काच बसवते, हॉट मिरर म्हणतात तिला, ती इन्फ्रारेड अडवते नाहीतर रंगांचा पार बट्ट्याबोळ होतो. २००६ ला लायका कंपनीने एम८ नावाचा कॅमेरा काढला त्यात ही काच पातळ ठेवली होती, तर लोकांचे काळे सिंथेटिक कपडे जांभळे यायला लागले आणि शेवटी कंपनीला गिऱ्हाइकांना फिल्टर फुकट वाटावे लागले. तर आपल्या कॅमेऱ्याची काच किती कडक आहे हे बघायला टीव्हीचा रिमोट घ्यायचा, त्याचं तोंड लेन्सकडे करून बटण दाबायचं आणि स्क्रीनवर बघायचं. रिमोटच्या एलईडीचा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो, डोळ्याला दिसत नाही, पण स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर तुमचं काम होणार. मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा दिसत नाही, सेल्फीच्या कॅमेऱ्यात दिसतो. जुने डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारे आरशाचे मोठे कॅमेरे, या बाबतीत नव्यांपेक्षा चांगले, निकॉनचा २००४ चा डी७० तर यासाठी प्रसिद्धच आहे, सेकंडहँडच्या बाजारात असलं जुनं काही कवडीमोलाने मिळालं तर सोडू नका.

मग वरून लावायचा फिल्टर. ७२० नॅनोमीटरचा घ्यायचा, होया कंपनीचा आर७२ म्हणजे यातला सगळ्यांना माहीत असलेला, चायनीज पण मिळतात आणि सुरुवातीला चालतात. हातात घेतला तर काळी काच वाटते, आरपार काही दिसत नाही, आणि त्यातून सूर्याकडे बघायचा शहाणपणा करायचा नाही कारण डोळ्याला दिसत नसलं तरी जे जायचंय ते आत जातंच. आता हा फिल्टर दिसणारा प्रकाश अडवतो, आतली हॉट मिरर न दिसणारा अडवते, आणि दोघांच्या कचाट्यातून जे थोडंफार निसटतं त्याच्यावर आपला फोटो. त्यामुळे भर उन्हात सुद्धा एफ ८ (लेन्सचं छिद्र मध्यम), आयएसओ ४०० (सेन्सरची संवेदनशीलता) ला कुठं दहा सेकंद तर कुठं तीस सेकंद शटर उघडं ठेवावं लागतं, कॅमेऱ्यागणिक फरक पडतो. आता कळलं ना दुपार का पाहिजे ते.

ट्रायपॉड तर लागणारच. फ्रेम आधी फिल्टर न लावता ठरवायची, फोकस करायचा, ऑटोफोकस बंद करायचा आणि मग फिल्टर हळूच फिरवून बसवायचा. इन्फ्रारेडचा फोकस दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा जरा मागे पडतो, म्हणून फोकस किंचित जवळ आणावा लागतो, जुन्या मॅन्युअल लेन्सवर त्यासाठी लाल ठिपका किंवा रेघ असायची, आता ती फारशी दिसत नाही. एफ ८ ठेवला की बरंचसं सांभाळून जातं, एफ १६ च्या नादी लागू नका, लांब तरंगलांबीला डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरून फोटो मऊ पडणं, जास्त त्रास देतं आणि शिवाय हॉटस्पॉट उठतो. हॉटस्पॉट म्हणजे फोटोच्या बरोबर मध्यभागी एक गोल उजळ डाग, तो लेन्सच्या आतल्या कोटिंगमुळे येतो, कुठल्या लेन्सला येईल आणि कुठल्या नाही याचा किमतीशी काडीचा संबंध नाही, महागडी लेन्स नापास आणि कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी किट लेन्स पास असं सर्रास होतं. डीएसएलआर असेल तर लांब एक्स्पोजरला व्ह्यूफाइंडरवर रुमाल टाकायचा, मागून उजेड शिरतो.

आणि वारा. मे महिन्यात दुपारी दोनला जी गरम हवा सुटते ती वीस सेकंदात कडुलिंबाचा पार कापूस पिंजून टाकते, म्हणून मी दहा ते बारा हीच वेळ धरतो, ऊन तापलेलं असतं आणि वारा अजून उठलेला नसतो. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत सेन्सर पण तापतो, फोटोत लाल-निळे ठिपके पडतात, त्याला लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू ठेवायचं, मग कॅमेरा तेवढाच वेळ शटर बंद ठेवून दुसरा काळा फोटो घेतो आणि त्यातले ठिपके वजा करतो. म्हणजे तीस सेकंदाचा फोटो एक मिनिटाचा होतो, तेवढ्यात पाणी प्यायचं, कॅमेऱ्यावर उपरणं धरायचं.

आभाळाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं की इन्फ्रारेडमध्ये आकाश काळं येतं आणि धुकट कापून लांबचे डोंगर साफ दिसतात, कारण हवेच्या रेणूंमुळे होणारं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताने कमी होतं. खरं आहे, पण ते हवेच्या रेणूंसाठी. आपल्याकडे मे मध्ये हवेत जी असते ती धूळ, आणि धुळीचे कण एवढे मोठे असतात की त्यांना लाल काय आणि इन्फ्रारेड काय, सगळं सारखंच. त्यामुळे क्षितिजाजवळ आकाश करडंच येतं. उपाय एकच, वळीव पडू द्यायचा. संध्याकाळी वळवाचा पाऊस येऊन गेला की दुसऱ्या दिवशी हवा धुतलेली असते, अकराच्या पुढे पांढरे ढग चढायला लागतात आणि मागे आकाश खरोखर काळं उतरतं. असा दिवस मे मध्ये मिळाला तर ऑफिसला दांडी मारा.

परवा औशाच्या पुढे एका शेताच्या कडेला ट्रायपॉड लावला तर नेहमीप्रमाणे मालक आलेच. ट्रायपॉड दिसला की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला.

"काय सर्व्हे करायलाव का? हायवे इकडून जायलाय का?"

"नाही मामा, झाडाचा फोटो काढायलोय."

"झाडाचा? एवढ्या उन्हात?"

मग त्यांना स्क्रीन दाखवली. फिल्टर लावून काढलेला फोटो आधी नुसता लालभडक येतो, ते बघून ते म्हणाले बिघडलाय कॅमेरा. तर उन्हातल्या हिरव्या पानांवर कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला, म्हणजे कॅमेऱ्याला सांगितलं की हाच रंग पांढरा धर (हे करायचंच, हिरवळीवर किंवा पानावर घ्यायचं, पांढऱ्या कागदावर नाही) आणि परत काढून दाखवला. कडुलिंब पांढरा. मामांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे तर वाळलेलं दाखवायलंय की." बरोबर आहे त्यांचं, शेतकऱ्याला पांढरं म्हणजे वाळलेलं. मग मी बाजूची बाभळ दाखवली, ती खरोखर वाळलेली होती, खोड आणि काटक्या, फोटोत गडद करडी. हिरवं पान ते पांढरं, नुसतं खोड आणि काटक्या त्या काळपट. हे एकदा डोक्यात बसल्यावर तेच मला फ्रेममधलं एकेक दाखवायला लागले, विहिरीजवळची केळ पांढरी, शेततळ्याचं प्लास्टिक काळं, आणि तळात जे गुडघाभर पाणी उरलेलं ते प्लास्टिकहून काळं. पाणी इन्फ्रारेड गिळतं, त्यातून परत काही येत नाही. बांधावरचा गुलमोहर लालभडक फुलला होता तर त्याची फुलं कुठं आणि पानं कुठं काही कळेना, दोन्ही पांढरी, पाकळ्या पण तेवढंच परावर्तन करतात.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो आजपर्यंत एकाही फोटोग्राफरने मला विचारलेला नाही. "मग सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक यात लवकर दिसंल का?" पिवळा मोझॅक म्हणजे पानं पिवळी पाडणारा रोग. उत्तर नाही असं आहे, आणि का नाही ते ऐकण्यासारखं आहे. पान पिवळं पडतं म्हणजे हरितद्रव्य जातं, म्हणजे लाल प्रकाश आधी जो गिळला जायचा तो आता परत यायला लागतो. आतल्या पेशींची रचना तोपर्यंत शाबूत असते त्यामुळे इन्फ्रारेडमध्ये पिवळं पान जवळपास हिरव्याइतकंच पांढरं. नुसत्या इन्फ्रारेडवर बघाल तर रोगट शेत ठणठणीत वाटेल. म्हणून सॅटेलाईटवाले दोन्ही मोजतात, इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचं आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचं, उत्तर उणे एक ते अधिक एकच्या मध्ये येतं, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. भरघोस पीक असेल तर आकडा एककडे सरकतो, उघडं रान असेल तर शून्याच्या जरा वर, पाणी असेल तर उणे. भारताने १९८८ ला सोडलेल्या आयआरएस-१ए पासून आपल्या सॅटेलाईटवर हा इन्फ्रारेड पट्टा आहे, आणि सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत दुष्काळ ठरवायच्या निकषांमध्ये पिकाचा हा निर्देशांक पण धरलाय. म्हणजे ज्या वर्षी मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं त्याच वर्षी. आपलं पीक गेलंय की नाही याच्या कागदावर हाच न दिसणारा प्रकाश कुठंतरी मोजलेला असतो हे मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग त्या सॅटेलाईटला म्हणावं जरा खाली येऊन बग." यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

जागांबद्दल बोलायचं तर लोक पहिल्यांदा बीबी का मकबरा म्हणतात. मला नाही पटत. समोरून काढला तर मकबरा पांढरा आणि त्याच्यापुढची बाग पण पांढरी, एकात एक मिसळून जातं, निम्मी मजा गेली. दौलताबाद शंभर पटीने चांगला, काळा बेसाल्टचा डोंगर, उन्हाळ्यात सीताफळीची झुडपं निष्पर्ण, आणि तटाच्या भेगेत उगवलेला एखादा पिंपळ किंवा वड तेवढाच चमकतो. वेरूळला कैलास लेण्यात इन्फ्रारेड नेऊन काही उपयोग नाही, दगड तो दगडच. पुरातत्त्व खात्याच्या या सगळ्या ठिकाणी ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे मी कापडी पिशवीत दोन किलो ज्वारी भरून नेतो, कठड्यावर पिशवी, पिशवीवर कॅमेरा, तीस सेकंद हलत नाही. गेटवर पिशवी तपासताना "ज्वारी कशाला?" याचं उत्तर तयार ठेवा. नळदुर्गला बोरी नदीवरचा पाणी महाल मात्र मे मध्ये नको, ते नर-मादी धबधबे बांधावरून पडायला पाऊस लागतो, आणि तेव्हा उभं पाणी काळं आणि फेसाळ पाणी पांढरं असा दुहेरी प्रकार मिळतो, तेवढ्यासाठी मी माझा मे महिन्याचा नियम मोडायला तयार आहे. आणि येडशीच्या रामलिंग घाटात एप्रिलअखेर जाऊन बघा, पानगळीचं जंगल पूर्ण उघडं, आणि खाली ओढ्याच्या कडेने करंज, उंबर, जांभळाची पांढरी रेघ वळणं घेत जाते. पाणी वर दिसत नाही, पण कुठं मुरलेलं आहे ते झाडं सांगतात.

रंगाबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. ७२० च्या फिल्टरमध्ये व्हाइट बॅलन्स नीट घेतला की आकाश तांबूस येतं, मग फोटोशॉप किंवा गिंपमध्ये चॅनल मिक्सरला जाऊन लाल आणि निळ्याची अदलाबदल केली की आकाश निळं आणि झाडं पांढरट-पिवळसर, हा तो फेमस लूक. एकदा करून बघा, हौस फिटू द्या. फोटो रॉ मध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाईलमध्येच काढा, आणि लाईटरूम या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर परत लाल दिसला तर घाबरू नका, त्याचा टेंपरेचरचा स्लायडर २००० च्या खाली जात नाही म्हणून तसं होतं, डीएनजी प्रोफाइल एडिटर या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याच्या रंगांचं वेगळं प्रोफाइल बनवून घ्यावं लागतं. पण मराठवाड्याच्या उन्हाळ्याला हे गोडगोड रंग शोभत नाहीत असं मला वाटतं. काळं रान, काळं आभाळ, पांढरं झाड, ब्लॅक अँड व्हाइट करा आणि विषय संपवा. ८५० चा फिल्टर लावला तर रंगाचा प्रश्नच मिटतो, कारण तिथपर्यंत सेन्सरवरचे लाल-हिरवे-निळे तिन्ही फिल्टर सारखेच पारदर्शक झालेले असतात, पण बिनबदललेल्या कॅमेऱ्यात त्याला एवढा वेळ लागतो की तेवढ्यात ढग गावाच्या पलीकडे गेलेला असतो.

कन्व्हर्जन, म्हणजे आतली हॉट मिरर काढून टाकणं, हे पुढचं पाऊल. त्यानंतर हातात धरून फोटो काढता येतात, वाऱ्याची कटकट संपते. पण एक वर्ष तरी फिल्टरवर काढा असं मी सांगेन, कारण तीस सेकंद उभं राहायला लागलं की माणूस फ्रेम विचार करून लावतो. आणि यूट्यूब बघून घरी उघडायचं म्हणाल तर फ्लॅशवाला छोटा डिजिकॅम अजिबात उघडू नका, बॅटरी काढली तरी फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास भरलेले असतात आणि तो झटका साधासुधा नसतो.

फिल्टर घेताना आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच घ्या आणि बाकीच्या लेन्सना स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवायची कडी, लावा, रिंगा स्वस्त असतात. मागवायचा असेल तर मार्चमध्येच मागवा, कुरिअरवाले आमच्याकडे कधी कधी पंधरा दिवस लावतात, आणि मृग लागून चार सरी पडल्या की बांध, वावर, रस्त्याच्या कडा सगळं एकदम हिरवं होतं, म्हणजे आपल्या हिशोबाने सगळंच पांढरं.